क्वेकर पूर्वज नोंदींतून मध्येच नाहीसा होतो तेव्हा

मूळच्या सांगलीच्या, आता लीड्समध्ये राहणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. नवऱ्याच्या घरात एक जुनं बायबल आहे. त्याच्या कोऱ्या पानावर सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा जन्म लिहिलाय: ‘तिसऱ्या महिन्याचा सातवा दिवस, १७४८’. माणूस हॅलिफॅक्सकडचा, लोकरीचं कापड विणणारा, क्वेकर, म्हणजे पाद्री न ठेवणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. मुलांसाठी वंशवृक्ष करायला घेतला तेव्हा ताईंनी ७ मार्च १७४८ धरून चर्चमधले बाप्तिस्मे धुंडाळले, हाती काही लागलं नाही. मग एका वेबसाइटवर क्वेकरांच्या नोंदींत जन्म सापडला, पण तिथे लग्न नाही, मृत्यू नाही, आणि थडगं तर कुठेच नाही. गंमत म्हणजे त्याच माणसाच्या मुलांचे बाप्तिस्मे १७७६ पासून चर्चच्या रजिस्टरात व्यवस्थित आहेत. सासूबाई सांगतात, दारूपायी या पूर्वजाला धर्मातून काढलं होतं. तर हा माणूस मधल्या काळात गेला कुठे?

ताई, माझा अंदाज विचाराल तर तो कुठेही गेला नाही. त्याच गावात, त्याच मागावर बसलेला होता. बदललं ते इतकंच, की त्याची नोंद आता दुसऱ्याच कोणाच्या वहीत व्हायला लागली. तुम्ही माणसाचं नाव घेऊन शोधताय. क्वेकरांच्या बाबतीत आधी सभा शोधायची, म्हणजे तो कोणत्या ‘मंथली मीटिंग’चा (एका टापूतल्या क्वेकरांची कामकाजाची मासिक सभा) सभासद होता ते. सभा सापडली की माणूस आपोआप सापडतो, आणि बहुतेकदा नको तितक्या तपशिलात.

मी गेली अठरा वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये लोकांची घराणी शोधून देण्याचं काम करते. त्यात क्वेकर बरेच. (ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला डोळ्यासमोर आला असेल तर त्याला बाजूला ठेवा, त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही. कॅडबरीचा मात्र आहे. १८२४ मध्ये बर्मिंगहॅमला दुकान घातलेले जॉन कॅडबरी क्वेकर होते.) आपल्याकडे कुलवृत्तांत असतात, त्र्यंबकेश्वराला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या असतात. आजोबा-पणजोबा तिथे गेले आणि नाव लिहून आले. इंग्लंडात ते काम पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, पाद्री करायचा. क्वेकरांनी तर पाद्रीच ठेवला नाही. सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेली ही मंडळी बाप्तिस्मा मानत नव्हती, तेव्हा बाळाच्या डोक्यावर पाणी पडलंच नाही आणि बाप्तिस्म्याची नोंद झालीच नाही. तुमचा पहिला शोध रिकामा गेला तो यामुळे. क्वेकरांच्या वहीत थेट जन्माची तारीख असते. एका अर्थी आपलं भाग्यच, कारण चर्चच्या वहीत फक्त बाप्तिस्म्याची तारीख असते आणि मूल तेव्हा आठ दिवसांचं होतं की आठ वर्षांचं हे पुष्कळदा कळत नाही.

आता तुमची तारीख. ती मार्चची नाही, मेची असावी. वारांची-महिन्यांची नावं परक्या देवांवरून पडलेली म्हणून क्वेकर ती वापरत नसत, फक्त आकडे लिहीत. आणि १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. मार्च पहिला महिना, एप्रिल दुसरा, मे तिसरा, आणि फेब्रुवारी बारावा. वसंतात वर्ष सुरू होणं पाडव्याला गुढी उभारणाऱ्या आपल्याला विचित्र वाटायचं कारण नाही. १७५२ पासून जानेवारी पहिला झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. म्हणजे ‘तिसरा महिना’ १७४८ मध्ये मे आणि १७५८ मध्ये मार्च. अमान्त आणि पूर्णिमान्त पंचांगांत एकाच वद्य पक्षाला दोन महिन्यांची नावं मिळतात, तसलाच हा घोळ.

मात्र इथे एक ‘पण’ आहे. ते बायबल कधी छापलेलं आहे ते शीर्षकाच्या पानावर बघा. १७४८ च्या आधीचं असेल आणि शाई-अक्षर जुनं दिसत असेल, तर नोंद त्या वेळी केलेली असू शकते आणि महिना मे. बायबलच १७८० चं असेल, तर कोणीतरी नंतर आठवून किंवा जुन्या कागदावरून उतरवलंय, आणि उतरवताना त्याने महिना नव्या हिशेबात फिरवला की नाही हे नुसत्या पानावरून सांगता येणार नाही. तेव्हा सभेच्या रजिस्टराशी ताडून पाहायचं. वंशवृक्षात मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा आणि आपला अर्थ शेजारी लिहा. अकरा दिवस मिळवून नवी तारीख तर अजिबात काढू नका. पुढच्या माणसाने पुन्हा मिळवले की संपलंच.

हे मी इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः यात तोंडावर आपटले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घराण्याचं काम केलं. लग्न दुसऱ्या महिन्याच्या ८ तारखेला, १७२२. पहिलं मूल पहिल्या महिन्याच्या १६ तारखेला, १७२२. मी लग्न फेब्रुवारीत आणि बाळ त्याआधी जानेवारीत असं वाचलं आणि लेखी कळवलं की मूल लग्नाआधीचं. घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजींनी तो कागद वाचून दोन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं. खरं म्हणजे लग्न एप्रिलमधलं होतं आणि बाळ पुढच्या मार्चमधलं. २५ मार्च उजाडला नव्हता म्हणून लिहिणाऱ्याने साल १७२२ च ठेवलं होतं. लग्नानंतर अकरा महिन्यांनी झालेल्या मुलाला मी अनौरस ठरवलं होतं. काही कारकून अशा वेळी १७२२/३ असं जोडसाल लिहीत, त्या कारकुनाने लिहिलं नव्हतं. तेव्हापासून १७५२ च्या आधीची प्रत्येक तारीख मी आधी बोटांवर मोजते.

रजिस्टरांबद्दल थोडक्यात. क्वेकरांची जन्म-लग्न-दफनाची जुनी रजिस्टरं १८४० मध्ये सरकारकडे जमा झाली. आज ती लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ६’ या मालिकेत आहेत आणि पैसे भरून वापरायच्या मोठ्या वंशावळ वेबसाइटांवर त्यांची छायाचित्रं मिळतात. देण्याआधी क्वेकरांनी स्वतःसाठी सगळ्याचं सार उतरवून घेतलं, त्याला ‘डायजेस्ट’ म्हणतात. डायजेस्ट सुवाच्य आणि आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेलं, म्हणून सगळे तिथेच थांबतात. थांबू नका. डायजेस्टात साक्षीदारांची नावं वगळलेली आहेत, आणि क्वेकर लग्नात खरी माहिती असते ती साक्षीदारांत.

ते कसं, हे सांगायला लग्नाची रीत सांगावी लागेल. मुलगा-मुलगी महिन्याच्या सभेत उभी राहून ‘आम्ही लग्न करू इच्छितो’ म्हणायची. सभा दोन माणसं नेमायची. मुलाचं दुसरीकडे कुठे ठरलेलं नाही ना, आईबापांची संमती आहे ना, याची ती चौकशी करायची. पुढच्या महिन्यात दोघांनी पुन्हा तेच सांगायचं. मग उपासनेच्या सभेत, पाद्रीशिवाय आणि अंगठीशिवाय, दोघं एकमेकांना वचन देत आणि एक मोठा दाखला वाचून दाखवला जाई. त्यावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. साधारणपणे नवरा-नवरीच्या नावाखालच्या रांगेत जवळचे नातलग, बाकीच्या रांगांत गावकरी. १७६० च्या दशकातला असा एक दाखला मी हाताळला होता. नवरीच्या वडिलांच्या सहीखाली त्याच आडनावाच्या एका बाईची सही होती, पण नाव नवरीच्या आईचं नव्हतं. दफनाच्या वहीत चार वर्षं मागे गेले तर आई गेलेली, म्हणजे ही सावत्र आई. घराण्याच्या कागदांत तिचा उल्लेखही नव्हता, या एका सहीमुळे ती सापडली.

१७५३ चा लग्नाचा कायदा पुढच्या वर्षी, २५ मार्च १७५४ ला लागू झाला आणि इंग्लंडात चर्चबाहेरची लग्नं बेकायदा ठरली. त्यातून फक्त क्वेकर आणि ज्यू वगळले होते. पण सवलत दोघंही क्वेकर असतील तरच. मुलगी पंथाबाहेरची असेल तर लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे, आणि ते लावलं की सभासदत्व जाई. सभासदत्व जाण्याचा हा नियम १८६० पर्यंत टिकला.

आता तुमची माहिती पुन्हा समोर मांडा. जन्म क्वेकर वहीत, लग्न तिथे नाही, मुलं चर्चच्या रजिस्टरात. या तिन्हींचा मेळ एकाच ठिकाणी बसतो: तुमच्या पूर्वजाने १७७५ च्या आसपास चर्चच्या बाईशी चर्चमध्ये लग्न केलं. क्वेकर याला ‘पाद्रीकडून लग्न’ म्हणत. मिनिट-बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत, ‘प्रीस्ट’ हा शब्द दिसला की तो इंग्लंडच्या चर्चचा पाद्री, कॅथलिक नव्हे, हे ध्यानात ठेवा. चर्चच्या इमारतीलाही ते चर्च म्हणत नसत, ‘मनोऱ्याचं घर’ म्हणत.

आणि म्हणूनच मी मिनिट-बुकाचा आग्रह धरते. नियमाने वागलेल्या क्वेकराबद्दल वहीत तीन ओळी असतात: जन्मला, लग्न केलं, गेला. ज्याने नियम मोडला त्याच्याबद्दल सहा-आठ महिने लिहिलेलं असतं. एका महिन्यात कोणीतरी सभेला कळवतं की अमुक तरुणाने पाद्रीकडून लग्न केलं. सभा दोघांना त्याला भेटायला सांगते, त्यांची नावं लिहिलेली असतात. पुढच्या महिन्यात ते सांगतात की भेटलो, किंवा घरी नव्हता, किंवा ओढ्याला पूर आला म्हणून जाता आलं नाही. मग भेट होते. त्याला पश्चात्ताप आहे का? बायको कुठली? आईबापांनी अडवलं होतं का, की मूकसंमती होती? कारण तसं असेल तर आईबापांनाही बोल लागे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की शेवटी त्याच्याविरुद्धचं निवेदन तयार होतं, सभेत वाचलं जातं, त्याची प्रत त्याला नेऊन दिली जाते. या सगळ्यात त्याचा गाव, बापाचं नाव, कधी धंदा, कधी तो किती वर्षं सभेला आला नव्हता हेही येतं.

याला इंग्रजीत ‘डिसओन’ करणं म्हणतात. मराठीत सांगताना ‘वाळीत टाकलं’ असं म्हणायचा मोह होतो, पण वाळीत टाकणं हे नव्हे. रोटीव्यवहार तुटत नसे, धंदा तुटत नसे. रविवारी, त्यांच्या भाषेत ‘पहिल्या दिवशी’, तो उपासनेला येऊन बाकावर बसू शकत असे. कामकाजाच्या सभेत मात्र बसता येत नसे, सभेची वर्गणी त्याच्याकडून घेत नसत आणि अडीअडचणीला सभेच्या निधीतून मदत मिळत नसे. पुष्कळ जण आयुष्यभर तसेच काठावर राहिले.

सासूबाई सांगतात त्या दारूच्या कारणाला मी ‘नाही’ म्हणणार नाही. दारूपायी काढलेले होते. कर्ज बुडवलं म्हणून, सैन्याच्या कामाला हात लावला म्हणून, चर्चचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) भरला म्हणूनही काढलेले होते. पण मुलांचे बाप्तिस्मे बघता माझं पारडं लग्नाकडे झुकतं. घराण्यात तोंडी आलेली कारणं मला नेहमी नंतरची वाटतात. कारण विसरतं, ‘काढलं होतं’ एवढं उरतं, आणि पुढची पिढी तिथे आपल्याला पटेल ते कारण घालते.

तुमचं नशीब असं की तुम्हाला लांब जायचंच नाही. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, खुद्द लीड्स, हा टापू त्या काळी ब्रिगहाउस मंथली मीटिंगकडे होता. तिची जुनी दप्तरं लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रहात, ‘कार्लटन हिल’ नावाच्या संग्रहात आहेत. आधी वेळ ठरवून जा, पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत. ब्रिगहाउसची १७७३ ते १७७७ ची पुरुषांच्या सभेची मिनिटं मागा. बायकांची सभा वेगळी बसायची, तिची मिनिटं उरली असतील तर तीही. तुमच्या पूर्वजाची एखादी बहीण असेल तर तिच्या लग्नाची चौकशी तिथेच सापडेल. वहीला सूची असेल यावर भिस्त ठेवू नका. अठराव्या शतकातलं हे अक्षर आपल्या मोडीपेक्षा खूप सोपं आहे. शब्दाच्या आतला लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, एवढी खूणगाठ बांधलीत की तासाभरात डोळा सरावतो.

त्याच्या आधी घरबसल्या एक करा: लग्न चर्चच्या बाजूने शोधा. १७५४ नंतर चर्चची लग्न-रजिस्टरं ठरावीक नमुन्यात आहेत आणि नवरा-नवरीची सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली असते. हॅलिफॅक्सचा पॅरिश अवाढव्य आहे, तेव्हा एलंड आणि हेप्टनस्टॉलची रजिस्टरंही पाहा. लग्न परवाना काढून झालं असेल तर त्याचे कागद यॉर्कच्या बोर्थविक संस्थेत मिळू शकतात. मृत्युपत्र केलं असेल तर तेही तिथेच. लग्नाचा महिना कळला की मिनिट-बुकात कुठून वाचायला लागायचं ते कळतं. बातमी सभेपर्यंत पोचायला एक-दोन महिने, कधी वर्षही लागायचं.

थडगं शोधत बसू नका. क्वेकरांच्या लंडनच्या वार्षिक सभेने १७१७ मध्ये कबरीवर दगड ठेवण्याविरुद्ध सूचना काढली, आणि साधे, सारखे दगड चालतील असं म्हणायला १८५० उजाडलं. मृत्यूसाठी दफनाच्या रजिस्टरात पुन्हा एकदा बघा, पण सभासद म्हणून नाही. क्वेकरांच्या दफनभूमीत बाहेरच्यांनाही जागा मिळे, आणि अशा नोंदीपुढे ‘सभासद नाही’ असा शेरा असतो. वेबसाइटच्या सूचीत तो शेरा दिसत नाही, छायाचित्र उघडावं लागतं. आयुष्यभर चर्चमध्ये गेलेला माणूस शेवटी आईबापांच्या शेजारी पुरलेला मी अनेकदा पाहिलाय. बायको मात्र चर्चच्या आवारात.

एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही: ‘सफरिंग्ज’च्या वह्या. क्वेकर दशमांश द्यायचे नाहीत, मग जप्ती यायची, आणि कोणाच्या घरातून काय नेलं आणि त्याची किंमत किती याची यादी सभा लिहून ठेवायची. कथलाच्या ताटल्या, धान्याच्या पेंढ्या, चीज, कापडाचा तागा. सतराव्या शतकातल्या तुरुंगवासांची मोठी छापील जंत्री जोसेफ बेसने १७५३ मध्ये दोन खंडांत काढली, जिल्ह्याप्रमाणे लावलेली. तुमच्या पूर्वजाच्या बापाच्या नावाने सभेच्या ‘सफरिंग्ज’च्या वह्या जरूर पाहा. विणकराच्या घरात काय भांडीकुंडी होती हे दुसरा कुठला कागद सांगणार?

माणूस अमेरिकेला गेला असता तर निघताना त्याने सभेकडून दाखला नेला असता, आणि तिकडच्या सभेने तो दाखल करून घेतल्याची नोंद असती. तुमच्या बाबतीत मुलं यॉर्कशायरमध्येच आहेत, म्हणून तो पसारा आत्ता नको. कोणाचे पूर्वज उलट भारतात आलेले क्वेकर मिशनरी असतील, तर त्यांचा पत्रव्यवहार लंडनच्या फ्रेंड्स हाउस या क्वेकरांच्या मुख्यालयात आहे. रेचल मेटकाफ १८६६ मध्ये आली, आणि पुढे होशंगाबाद-इटारसी हा त्यांचा मुलूख झाला, नागपूरहून गाडीने सहज गाठता येईल इतका जवळ.

शेवटी माझी आणखी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. अशाच एका माणसाचं निवेदन सापडलं, मी खूश होऊन वही मिटली आणि घराण्याला कळवलं की इथे क्वेकरपण संपलं. तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तीच मालिका चाळताना तो पुन्हा भेटला. अकरा वर्षांनी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीचा कागद सभेत दिला होता, सभेने त्याला परत घेतलं होतं, आणि पुढच्या वर्षी बायकोनेही सभासदत्व मागितलं होतं. तुमच्या पूर्वजाच्या शेवटच्या मुलाचा बाप्तिस्मा कोणत्या साली आहे ते बघा. त्या सालापर्यंत तो परतलेला नसणार, कारण परतलेला क्वेकर मुलाला पाद्रीकडे नेणार नाही. त्या सालापासून पुढची मिनिटं वाचायला घ्या.